कळफलकावर न मावलेली मराठी

(दहावी १९९५ च्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा विषय दिला होता. त्यावर बोलायचं म्हणजे एआयवर बोलायला लागणार, आणि त्याविषयी तुमच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सहापासून पुरेसं येतच असतं. म्हणून मी विषय थोडा मागे ओढला आहे. मी टाइपरायटरवर बोलणार आहे. घाबरू नका, वीस मिनिटांत संपवते. मिसळीचा वास मलाही येतोय.

जुलै महिन्यात मी आणि माझी एक सहकारी विक्रोळीला गोदरेज आर्काइव्ह्ज बघायला गेलो. भाईंदरहून विक्रोळी म्हणजे दादरला उतरून उलटं यायचं, नाहीतर घोडबंदर रोडने ठाणं गाठायचं. दोन्हीकडून जीव जातो. पण जागा बघण्यासारखी आहे. नावाने आर्काइव्ह्ज, म्हणजे कागदपत्रांचं दफ्तर, पण बघणाऱ्याला ते संग्रहालयच वाटतं. आधी वेळ ठरवून जावं लागतं. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलुपांपासून सुरुवात केली, तेव्हापासूनचा माल आणि कागद तिथे जपले आहेत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो लोखंडी मतपेट्या विक्रोळीच्याच कारखान्यात तयार झाल्या. आणि कपाटं तर काय, आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी आईच्या लग्नातलं ते कपाट अजून आहे. माझ्या सहकारीला तिजोऱ्यांत रस होता. मी टाइपरायटरपाशी थांबले ते थांबलेच.

भारतात बनलेला पहिला टाइपरायटर गोदरेजचा, १९५५ चा. हजाराच्या वर सुटे भाग, एकेकाचं माप केसाच्या जाडीइतकं अचूक, आणि देश नुकता स्वतंत्र झालेला. तोवर आपल्या कचेऱ्यांत परदेशी बनावटीचीच यंत्रं असायची. पुढे गोदरेजने इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांची यंत्रं काढली. 'प्राइमा' हे मॉडेल तुमच्यातल्या कित्येकांनी सरकारी कचेरीत पाहिलेलं असेल, राखाडी रंगाचं. अखेरच्या काळात ही यंत्रं सातारा जिल्ह्यात शिरवळला बनत होती. २००९ पर्यंत वर्षाला दहा-बारा हजार बनत होती, हे ऐकून मी चाट पडले. २००९! तेव्हा आपण सगळे फेसबुकवर शेतं नांगरत होतो. २०११ मध्ये बातमी फुटली आणि परदेशी वर्तमानपत्रांनी 'जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद' असे मथळे दिले. ते तितकंसं खरं नव्हतं, अमेरिकेत विजेवर चालणारे टाइपरायटर तेव्हाही विकले जात होते. पण आपल्या शिरवळचं नाव जगभर झालं ते अशा बातमीने, याचं मला जरा वाईट वाटलं.

यंत्राचा मूळ इतिहास थोडक्यात सांगते. मिलवॉकीच्या शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी १८६८ मध्ये पेटंट घेतलं. यंत्र बनवायला घेतलं रेमिंग्टन कंपनीने, जी बंदुका आणि शिलाई मशिनं करायची. म्हणून पहिला टाइपरायटर दिसायला शिलाई मशीनसारखाच होता, अंगावर फुलांची नक्षी, आणि ओळ संपली की पायाने पायटा दाबायचा. त्यावर फक्त कॅपिटल अक्षरं उमटत. लहान आणि मोठी दोन्ही लिपी एकाच यंत्रात बसवणारी शिफ्टची कळ १८७८ मध्ये आली. आज तुमच्या फोनवर जी वर जाणाऱ्या बाणाची खूण आहे, ती ही. तिला शिफ्ट म्हणतात कारण तेव्हा यंत्राचा भाग खरोखरच सरकायचा.

आता जरा यंत्राच्या आत डोकावू या. कळ दाबली की तरफ उचलली जाते, तिच्या टोकाचा खिळा शाईच्या रिबिनीवर आपटतो, रबरी रुळावरच्या कागदावर अक्षर उठतं आणि कॅरेज एक घर डावीकडे सरकते. प्रत्येक अक्षराला एक घर. इंग्रजी 'आय' असो नाहीतर 'डब्ल्यू', घर तेवढंच. साधारण ४५-४६ कळा, प्रत्येकीवर दोन खुणा, म्हणजे ९० च्या आसपास. इंग्रजीचं यात आरामात भागतं.

मराठीचं कसं भागावं? स्वर, व्यंजनं, त्यांच्या काना-मात्रा-वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वर आकडे आणि विरामचिन्हं. छापखान्यात देवनागरी जुळवायला शेकडो वेगवेगळे खिळे लागायचे. इथे जागा ९० खुणांना. म्हणजे आठ माणसांच्या बाकावर आख्खा वर्ग बसवायचा होता. आणि बसवला! ज्यांनी बसवला त्यांची नावं आपल्याला कुठल्या पुस्तकात शिकवली नाहीत, पण मला विचाराल तर ते पहिल्या प्रतीचे इंजिनिअर होते. युक्ती बघा. 'श' साठी स्वतंत्र कळ द्यायचीच नाही. अर्धा 'श्' द्यायचा, आणि शेजारी काना. अर्धा श् आणि काना मिळून झाला 'श'. 'ण' तसाच. बऱ्याच अक्षरांची दांडी म्हणजे कानाच की, मग तीच कळ पुन्हा पुन्हा वापरा. मात्रा, अनुस्वार, उकार यांच्या कळा दाबल्या की खूण उमटते, पण कॅरेज हलत नाही, कारण यांना स्वतःचं घर नाही, दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसायचं असतं.

आणि पहिली वेलांटी? ती अक्षराच्या डावीकडे येते. यंत्र डावीकडून उजवीकडे चालतं. म्हणून 'कि' टाइप करताना आधी वेलांटी, मग क. आपण बोलतो 'क्' आणि मग 'इ', बोटं मात्र 'इ' आधी मारतात. रफाराचं याच्या उलट. 'गर्दी' म्हणताना र् आधी येतो आणि द नंतर, पण टाइपरायटरवर ग, द, दुसरी वेलांटी, आणि सगळ्यात शेवटी वर रफार. यंत्राला उच्चार कळत नाही, त्याला फक्त आकार कळतात. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्याची किंमतही होती. सगळ्या अक्षरांना सारखं घर दिल्यामुळे टाइप केलेली मराठी दात पडल्यासारखी दिसे, 'र' च्या आजूबाजूला मोकळं रान. प्रत्येक खिळ्यावर शिरोरेघेचा आपापला तुकडा, यंत्र जरा जुनं झालं की तुकड्यांच्या पायऱ्या व्हायच्या. कोर्टाची समन्सं आठवा. आली नसतील तर उत्तमच.

यंत्र आकार मारतं, पण अर्थ लावणारं कुणीतरी समोर बसलेलं असतं. आपल्या भाईंदरमध्ये दहावीनंतर ते कोण बसायचं हे इथल्या मुलींना सांगायला नको. स्टेशनजवळ दुकानांच्या वर टायपिंगचे क्लास होते. आपल्यातल्या कितीजणी तिथे गेल्या? हात वर करा. (निम्म्याहून जास्त हात वर.) बघा. आणि मुलगे? चार. ३० ची परीक्षा, मग ४० ची. मिनिटाला तितके शब्द. कळफलकाकडे बघायचं नाही, बघितलं की सरांची पट्टी. डझनभर यंत्रं एकदम चालू असली की खाली रस्त्यावर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. मुलींना सांगितलं जायचं, टायपिंग करून ठेव, कधी ना कधी उपयोगी पडेल. 'कधी ना कधी' म्हणजे लग्न लांबलं तर. माझी ताई मराठी ४० पास झाली आणि सात चौदाची लोकल पकडून फोर्टात नोकरीला जाऊ लागली. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी तिच्या बोटांनी भरली आहे. म्हणून कोणी 'साधी टायपिस्ट' म्हटलं की मला आजही राग येतो. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात 'टाइपरायटर' हा शब्द यंत्रालाही होता आणि ते चालवणाऱ्या बाईलाही. आपल्याकडे निदान शब्द तरी वेगळे होते.

राज्याच्या परीक्षा परिषदेने गेल्या दशकात ही परीक्षा टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर नेली. क्लासच्या पाट्या बदलल्या, काही ठिकाणी यंत्रं किलोच्या भावाने गेली. आता गंमत ऐका. मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या ऑफिसात मोठे मोठे आर्किटेक्ट दोन बोटांनी टाइप करतात, कोंबडीने दाणे टिपावेत तसे. माझी ताई आजही त्यांना हरवेल.

शाळेचं सांगायचं राहिलंच. आपल्या ऑफिसातला टाइपरायटर आणि त्यामागचे काका. काकांचं नाव घ्यायची गरज नाही. ज्याने ज्याने बोनाफाईड किंवा दाखल्यासाठी त्या खिडकीशी तासभर उभं राहून काढला आहे, तो त्यांना ओळखतो. आपल्या घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका काका स्टेन्सिलवर काढायचे. मेणाचा थर दिलेला पातळ कागद, यंत्राची रिबीन बंद करायची, म्हणजे खिळा थेट मेणावर बसतो आणि अक्षराच्या आकाराची फट पडते. मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या ड्रमवर चढवायचा, आतून शाई, हँडल फिरवायचं, की बाहेर प्रश्नपत्रिका. चूक झाली तर नेलपॉलिशसारख्या वासाचं द्रव्य लावून फट बुजवायची, वाळू द्यायची आणि पुन्हा मारायची. जोरात मारलं तर 'ठ' च्या पोटातला कागदच निघून यायचा, आणि प्रश्नपत्रिकेत 'ठ' च्या जागी काळा गोळा. नववीच्या इतिहासाच्या पेपरात मराठ्यांच्या ठिकाणी 'मरा●्यांच्या' असं काहीतरी आलं होतं आणि शेवटच्या बाकावरून एकाने उठून विचारलं होतं, "बाई, हे कोण?" तो आज इथे बसला आहे आणि स्वतः मुख्याध्यापक झाला आहे.

आता शाळेतून पुढे कॉम्प्युटरकडे येते, कारण माझी खरी गोष्ट तिथे आहे.

कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा मराठी लिहिणारी माणसं कोण होती? टाइपरायटर शिकलेली. त्यांना नवा कळफलक शिकवायला कुणाकडे वेळ नव्हता. शिवाय तेव्हाच्या फॉन्टमध्ये अक्षरांसाठी २५६ कप्पे, त्यातलेही सगळे मोकळे नाहीत. म्हणजे पुन्हा तीच अडचण, बाक लहान आणि वर्ग मोठा. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी टाइपरायटरचीच युक्ती उचलली. अर्धी अक्षरं, काना वेगळा, वेलांटी आधी, रफार शेवटी. आणि हे सगळं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात तुमचं नाव मराठीत नव्हतंच. आत इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांची रांग, आणि बाहेरून मराठीचा अंगरखा. फॉन्ट आहे तोवर सगळं छान. फॉन्ट गेला की अंगरखा गेला.

याच काळात दुसरी वाटही तयार होत होती, आणि तिच्यात मराठी माणसांचा मोठा हात आहे. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' नावाचं तंत्र उभं केलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि ते काम तिथे आलं. त्यामागचा विचार टाइपरायटरच्या नेमका उलट होता. कॉम्प्युटरमध्ये आकार साठवू नका, उच्चार साठवा. आधी क, मग इकार. वेलांटी डावीकडे काढायची आहे हे दाखवताना यंत्र बघून घेईल, ते माणसाने सांभाळायचं काम नव्हे. त्याच विचाराचा इनस्क्रिप्ट कळफलक, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. १९९१ मध्ये या पद्धतीला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातली देवनागरी या भारतीय पद्धतीवरूनच घेतली. आज तुम्ही फोनवर मराठी लिहिता, ते कुठल्याही फोनवर तसंच दिसतं, ते यामुळे. ही गोष्ट मला इंजिनिअरिंग कॉलेजात कोणी सांगितली नाही. पुण्यात झालेलं काम मला नोकरी लागल्यावर एका परदेशी मॅन्युअलमधून कळलं.

तर, आपली यादी. या मेळाव्यासाठी आपल्या तिन्ही तुकड्यांची यादी हवी होती. शाळेने एक सीडी काढून दिली. २००१ च्या स्मरणिकेसाठी काकांनी सगळ्या जुन्या बॅचेसची नावं कॉम्प्युटरवर टाइप केली होती. सीडी चालली, हेच आश्चर्य. फाइल उघडली तर आत १४२ ओळी, आणि एकही नाव नाही. नुसती इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची खिचडी. तो फॉन्ट आता कुणाकडे नाही. नेटवर मिळणाऱ्या एका तयार कन्व्हर्टरमधून फाइल काढली, तर त्याने 'अश्विनी' चं 'अशि्वनी' करून टाकलं. आपल्या पिढीत प्रत्येक वर्गात दोन-तीन अश्विनी असायच्याच, त्यामुळे नुकसान मोठं होतं.

का झालं असं? कारण काकांच्या बोटांनी अ, वेलांटी, अर्धा श्, व, अशा क्रमाने मारलं होतं. त्या कन्व्हर्टरने वेलांटी उचलली आणि पुढच्या एका आकाराच्या मागे ठेवली. पण इथे उडी दोन आकारांची हवी, अर्धा श् आणि व दोन्ही ओलांडून. 'उर्मिला' आणखी अवघड. उ, वेलांटी, म, रफार, ल, काना. त्यात वेलांटीला पुढे जायचंय आणि रफाराला मागे यायचंय, 'म' च्या दारात दोघांची टक्कर. मग मी तो कन्व्हर्टर बाजूला ठेवला आणि स्वतःच प्रोग्रॅम लिहायला बसले. त्यासाठी मला प्रत्येक आकार कुठल्या क्रमाने मारला जायचा ते हवं होतं. म्हणून काकांच्या घरी गेले.

काका आता ऐंशीच्या जवळ आहेत. मी विचारलं, 'क्ष' कसा मारायचात? ते म्हणाले, "ते असं तोंडाने नाही सांगता येत गं." मग त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला, टीपॉयवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता बोल." मी शब्द सांगत गेले, ते टीपॉयवर मारत गेले आणि बोटं कुठे पडली ते बघून मला क्रम सांगत गेले. 'ज्ञानेश्वर', 'कुऱ्हाडे', 'प्रतीक्षा'. दीड तास. काकू दोनदा येऊन बघून गेल्या. तो दीड तास नसता तर माझा प्रोग्रॅम आजही 'म' च्या दारात अडकलेला असता.

यादी सुटली. १४२ नावं मराठीत आली. दुसरीकडे तुम्ही सगळ्यांनी फोनवरून तो फॉर्म भरून पाठवत होता. दोन्ही याद्या जुळवल्या की कोण सापडलं आणि कोण राहिलं ते कळणार. एके रात्री निकाल काढला. एक नाव 'जुन्या यादीत आहे, फॉर्म आला नाही' या रकान्यात. आणि एक नाव 'फॉर्म आला, पण अशी विद्यार्थिनी नाही' या रकान्यात. दोन्ही नावं मी स्क्रीनवर एकाखाली एक ठेवली. डिट्टो तीच. काना, मात्रा, आडनाव, सगळं तेच. आणि कॉम्प्युटर शपथेवर सांगतोय की या दोन वेगळ्या बायका आहेत.

तिने मला बजावलंय की नाव घेऊ नकोस, म्हणून एवढंच सांगते की ती उत्तनची आहे आणि तिचं नाव 'ॲ' ने सुरू होतं.

हे 'ॲ' अक्षर आपल्या मराठीचं खास. बँकेतला, बॅटमधला तो स्वर. ॲडमिशन, ॲम्ब्युलन्स, आणि ते सकाळी सहाचं व्हॉट्सॲप, सगळीकडे लागतं. उत्तन, डोंगरी, चौकच्या घरांमध्ये तर माणसांच्या नावात लागतं. आणि युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. बाकी देवनागरीच्या सतरा वर्षांनंतर. तोपर्यंत काय करायचे? टाइपरायटरचीच रीत. 'अ' मारायचा आणि वर चंद्र द्यायचा. विक्रोळीला त्या मराठी यंत्राच्या कळा मी एकेक करून वाचल्या त्या यासाठीच. 'अ' आहे, चंद्र वेगळ्या कळेवर आहे, 'ॲ' नाही.

तर काकांच्या यादीतली ती दोन ठोक्यांची, 'अ' आणि चंद्र. तिने फोनवर भरलेल्या फॉर्ममधली एका क्रमांकाची. डोळ्याला दोघी सारख्या, कॉम्प्युटरला वेगळ्या. फ्रेंचसारख्या भाषांतल्या खुणांच्या अक्षरांसाठी युनिकोडमध्ये नियम आहे की खूण वेगळी मारली किंवा एकत्र असली तरी दोन्ही एकच समजावं. आपल्या 'ॲ' ला तो नियम लागू नाही. प्रोग्रॅममध्ये मी तो एका ओळीत घातला. काम पाच मिनिटांचं. पण नंतर मला झोप लागली नाही, कारण ही आपली हौसेची यादी होती. रेशनकार्डाची, मतदारयादीची, आधारशी जोडायच्या बँकखात्याची यादी असती तर? तिथे दोन रकान्यांतली नावं एकाखाली एक ठेवून कोण बघतं? 'आपलं नाव जुळत नाही' एवढंच खिडकीतून ऐकू येतं, आणि माणूस घरी जाऊन स्वतःचे कागद पुन्हा पुन्हा तपासतो. माझ्या पेशातल्या लोकांना मी हे सांगत असते, ते मान डोलावतात आणि दोन बोटांनी टाइप करत राहतात.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. दहावीनंतर तीस वर्षांनी. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मला मोजलंच नाही. फॉर्म भरून तीन आठवडे झाले, कुणाचा मेसेज नाही. म्हटलं जाऊ दे." ती येणार नव्हती. आज चौथ्या रांगेत बसली आहे, निळ्या साडीत. आता सगळ्यांनी मागे वळून बघू नका. बघितलंतच.

दोन कामाच्या गोष्टी सांगून बसते. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी १४२ नावांची यादी छापून लावली आहे, शेजारी लाल पेन आहे. आपापलं नाव स्वतः तपासा. ऱ्हस्व-दीर्घ, रफार, काय चुकलं असेल ते खूण करा, कारण स्मरणिकेत हीच जाणार आहे. लग्नानंतरचं आडनाव घालायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, नवऱ्यांनी पेनला हात लावू नये. काका तिथे खुर्ची टाकून बसतील, शेवटची सही त्यांची.

आणि ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या स्मरणिका, सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिका, टाइप केलेली सर्टिफिकेटं पडली असतील त्यांनी ती मला द्या. स्कॅन करून आठवडाभरात परत करते. गणिताच्या उत्तरपत्रिका नकोत.